गेमची किंमत ‘द्याल ते’ ठेवावी का? (गेम करणाऱ्यांनी आणि विकत घेणाऱ्यांनीही बोला)

आगारप्रमुख
मंडळी, एक छोटा गेम संपत आलाय. तालुक्याच्या एसटी स्टँडवर बसून गाड्या, चालक-वाहक आणि फलाट यांची सांगड घालायची, एवढंच काम. एक गाडी घाटात अडकली की तिचा चालक पुढच्या फेरीला मिळत नाही, मग ती फेरी रद्द, मग चौकशीच्या खिडकीपाशी ही गर्दी. दोन-अडीच तासांत संपेल. कोड माझं, चित्रं मैत्रिणीची, दोघंही नोकरी सांभाळून.

आधी इच.आयओवर टाकणार आहे, म्हणजे छोट्या गेमवाल्यांनी आपले गेम स्वतः विकायची वेबसाइट. तिथे किंमतीच्या रकान्यात तीन पर्याय येतात: ‘शून्य किंवा देणगी’, ‘सशुल्क’ आणि ‘पैसे घ्यायचेच नाहीत’. मी पहिल्यावर अडलोय. ज्याला हवा त्याने फुकट न्यावा, ज्याला वाटेल त्याने वाटेल ते द्यावं. ऐकायला छान आहे. पण चित्रं काढणारीला तिचा वाटा द्यायचाय आणि ‘लोकांनी दिले की देतो’ असं तिला सांगायला जीभ रेटत नाही. ज्यांनी हे केलंय किंवा जवळून पाहिलंय त्यांनी लिहा. ‘फुकट दे, पुण्य लागेल’ छापाचे प्रतिसाद नकोत.

चहाटळ
फुकट दे, पुण्य लागेल. (हलके घ्या.)

आता गंभीरपणे. तुला ओळखतं कोण? चारशे-पाचशे रुपये लावलेस तर सख्खे मावसभाऊसुद्धा ‘सेल लागला की बघू’ म्हणतील. शून्यापासून सुरू कर, शंभरातले पाच जण तरी लाजेकाजेस्तव देतील.

गवंडी
चहाटळ, ते ‘शंभरातले पाच’ कुठून काढलेत ते एकदा सांगा. :)

‘वर्ल्ड ऑफ गू’चं उदाहरण आधी बघा, कारण त्यांनी आपले आकडे झाकून ठेवले नाहीत. टू-डी बॉय म्हणजे काइल गॅबलर आणि रॉन कार्मेल, दोनच माणसं. गेम ऑक्टोबर २००८ चा, किंमत २० डॉलर. वर्ष पूर्ण झालं म्हणून ऑक्टोबर २००९ मध्ये त्यांनी ‘वाटेल ते द्या’ जाहीर केलं. पहिल्या आठवड्यात ५७ हजारांच्या आसपास लोकांनी घेतला. सरासरी निघाली २.०३ डॉलर. आणि सगळ्यांत जास्त लोकांनी भरलेली रक्कम होती एक सेंट.

इथे आल्यावर सगळे ‘बघा लोक कसे असतात’ म्हणून उठून जातात. जरा थांबा. तो एक सेंट गेम करणाऱ्यांच्या हातात पडलाच नाही. साधारण ३० सेंटपर्यंतची रक्कम पेपॅलच्या शुल्कातच संपत होती. म्हणजे एक सेंटवाला आणि चोरून उतरवून घेणारा, हिशेबात दोघे सारखेच. लोकांना कारण विचारलं तेव्हा ‘सध्या एवढंच परवडतं’ असं सांगणारे पुष्कळ होते. शाळा-कॉलेजातली पोरं असतील, मला त्यात खोटं काही वाटत नाही.

त्याच आठवड्यात स्टीमवर, म्हणजे संगणकावरच्या गेमच्या मोठ्या ऑनलाइन दुकानात, तोच गेम ठरलेल्या किमतीला होता, आणि तिथली विक्री आदल्या आठवड्यापेक्षा ४० टक्क्यांनी वाढली! शेजारी जवळपास फुकट मिळत असताना. बातमी झाली, नाव कानावर पडलं आणि ज्यांचं स्टीमवर खातं होतं त्यांनी तिथेच घेतला.

आता तुझ्या कामाचं. त्यांचा गेम वर्षभर पूर्ण किमतीला विकून झाला होता, समीक्षकांनी डोक्यावर घेतला होता. २० डॉलर देणारे देऊन गेले होते. ‘वाटेल ते’ हे दार उरलेल्यांसाठी उघडलं. तू पहिल्याच दिवशी ते दार उघडतोयस.

चहाटळ
पाच टक्के माझ्या अनुभवाच्या पोतडीतून. पोतडी रिकामी आहे हे मान्य.

दूरदेशी
गवंडी यांना +१. पुढचा अंक मी सांगते, तेव्हा मी नुकतीच जर्मनीत आले होते आणि माझ्या लॅपटॉपवर फक्त उबुंटू (म्हणजे फुकट मिळणारं लिनक्स) होतं, म्हणून चांगलं लक्षात आहे.

मे २०१० मध्ये वुल्फायर गेम्सने पहिलं ‘हंबल इंडी बंडल’ काढलं. ‘वर्ल्ड ऑफ गू’, ‘अक्वेरिया’, ‘गिश’, ‘लुगारू’, ‘पेनम्ब्रा: ओव्हर्चर’, पुढे ‘सामोरोस्त २’ही. सगळं एकत्र, वाटेल ती किंमत. पैसे भरायच्या पानावर पट्ट्या सरकवायच्या: एवढे गेम करणाऱ्यांना, एवढे ईएफएफ (डिजिटल हक्कांसाठी लढणारी) आणि चाइल्ड्स प्ले (दवाखान्यातल्या मुलांसाठीची) या दोन धर्मादाय संस्थांना. शेवटी १२ लाख ७० हजार डॉलरच्या वर जमले, १ लाख ३८ हजारांहून जास्त लोकांनी दिले, सरासरी ९ डॉलरच्या पुढे. ‘गू’च्या सरासरीच्या चौपटीहून जास्त! कबूल, सहा गेम होते. पण एक सेंटात सहाही मिळत होते, हेही तितकंच खरं.

सगळ्यांत गंमत म्हणजे त्याच पानावर लोक कशावरून आलेत त्याची सरासरी जाहीर लावलेली होती. विंडोजवाले ८ डॉलरच्या आसपास, मॅकवाले १० च्या, आणि लिनक्सवाले १४ च्या आसपास. आमच्या लोकांनी मग हट्टालाच घेतलं. फुकटचं वापरणारे म्हणून हिणवतात काय, थांबा दाखवतो. मीही ऐपतीपेक्षा जास्त भरले होते.

दहा लाखांचा टप्पा ओलांडल्यावर त्यातल्या चार गेमचा सोर्स कोड खुला झाला, तो वेगळाच आनंद.

चहाटळ
आणि त्याच बंडलमधले पाव हिस्सा डाउनलोड चोरीचे होते, हे ताई सोयीस्कर विसरल्या. एक सेंटही न देणारे! मी म्हणतो ते हेच.

दूरदेशी
विसरले नाही, तुम्ही काढणार हे माहीत होतं. :) २५ टक्क्यांचा तो अंदाज वुल्फायरनेच दिला होता. उतरवायच्या दुव्यांना त्यांनी मुद्दामच कुलूप लावलं नव्हतं, त्यामुळे लोक ते दुवे इकडेतिकडे चिकटवत होते. त्यात पैसे भरून मित्राला दुवा देणाराही आला आणि ज्याच्याकडे कार्डच नाही तोही आला. एवढं कळूनही त्यांनी कुलूप लावलं नाही. पैसे देणाऱ्याला त्रास होईल अशी व्यवस्था न देणाऱ्यासाठी कशाला करायची, असा त्यांचा हिशेब, आणि मला तो पटतो.

पाटीपेन्सिल
दूरदेशींच्या प्रतिसादात दोन गोष्टी गुंतल्या आहेत, त्या सोडवून बघायला हव्यात: धर्मादाय वाटा आणि जाहीर सरासरी. पहिलीवर एक देखणा प्रयोग झालेला आहे. वर्गात मुलांना हमखास सांगतो म्हणून आकडे तोंडपाठ आहेत.

आयलेट ग्नीझी, उरी ग्नीझी आणि सहकाऱ्यांनी तो २०१० मध्ये ‘सायन्स’मध्ये छापला. अमेरिकेतल्या एका करमणूक उद्यानात पाळण्यातून उतरणाऱ्या लोकांना त्यांचा फोटो विकायचा. एक लाखाहून जास्त लोकांवर. ठरलेली किंमत १२.९५ डॉलर ठेवली तेव्हा जेमतेम अर्ध्या टक्क्याने फोटो घेतला. ‘वाटेल ते द्या’ म्हटल्यावर घेणारे आठ टक्क्यांच्या वर गेले, पण सरासरी ९२ सेंट. मग तिसरा प्रकार: वाटेल ते द्या, निम्मे धर्मादाय संस्थेला जातील. घेणारे साडेचार टक्क्यांपर्यंत उतरले आणि सरासरी चढली ५.३३ डॉलरवर.

घेणारे कमी का झाले, हा प्रश्न मुलांना अर्धा तास पुरतो. धर्मादाय म्हटल्यावर दहा सेंट टाकायची लाज वाटते, मग माणूस फोटोच घेत नाही. ९२ सेंटवाल्या प्रकारात ती लाज नव्हती. ‘वाटेल ते’ म्हणजे दुकानदाराने किंमत ठरवली नाही एवढंच. गिऱ्हाईक मात्र शेजारी काय लिहिलंय ते बघून स्वतःची परीक्षा घेत असतं.

आणि ठरलेल्या १२.९५ डॉलरमधले निम्मे धर्मादाय जातील असं सांगितलं तेव्हा विक्री जवळजवळ हललीच नाही. दोन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच परिणाम.

बुक्का
जाहीर सरासरीचं मी सांगतो. सप्ताहात कीर्तन संपल्यावर आरतीचं ताट फिरतं. ताट पुढच्या रांगेत निघायच्या आधी आमचे आजोबा स्वतः त्यात शंभराची नोट ठेवायचे, रिकामं ताट कधी फिरू द्यायचे नाहीत. सुट्टे पैसे पडले की मागे सगळे सुट्टेच पडतात म्हणायचे.

दूरदेशी
बुक्का, अगदी! हंबलने दुसऱ्या बंडलमध्ये, डिसेंबर २०१० ला, हेच केलं. सरासरीपेक्षा जास्त द्या, पहिल्या बंडलचे गेमही न्या. आता प्रत्येक नवा माणूस सरासरीच्या किंचित वर देणार आणि सरासरी हळूहळू वर सरकणार. १८ लाख डॉलरपर्यंत गेलं. ‘माइनक्राफ्ट’वाल्या नॉचने त्यात २००० डॉलर भरले, त्याचं नाव सर्वाधिक देणाऱ्यांच्या यादीत वरती झळकत होतं. ती यादी हेही एक ताटच.

आणि पुढे काय झालं तेही सांगून टाकते. २०११ च्या अखेरीस स्टीमवर सोडत होती. जास्त खाती, जास्त संधी. लोकांनी नव्या नव्या खात्यांसाठी एकेका सेंटाला बंडलं उचलून स्टीमच्या किल्ल्या (गेम खात्यात चढवायचे कोड) जमवल्या. मग स्टीमची किल्ली हवी तर किमान एक डॉलर, असा नियम आला. २०१७ मध्ये हंबल ही कंपनी आयजीएन या गेमच्या बातम्या देणाऱ्या साइटच्या मालकीत गेली. २०२१ मध्ये त्या पट्ट्यांनाही मर्यादा आली, १५ ते ३० टक्के कंपनीचेच राहणार असं ठरलं. ‘वाटेल ते’ची कुंपणं अशी एकेक करून वाढत गेली.

कोठीवाली
सगळे बंडल-बंडल करताय, पण बंडल म्हणजे आठवडा-दोन आठवड्यांची जत्रा. धागाकर्त्याला घर चालवायचं असेल तर ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ बघा. मी तो कैक वर्षं खेळतेय आणि अजून माझे बुटके पहिल्या हिवाळ्यात उपाशी मरतात.

टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स हे दोघे भाऊ. २००६ पासून गेम फुकट, पैसे फक्त देणगीतून. देणगी दिली की बदल्यात क्रेयॉनने काढलेलं चित्र नाहीतर छोटी गोष्ट मागता यायची, दोघं भाऊ खरंच बसून ते करायचे. महिन्याला किती जमले ते स्वतःच्या साइटवर जाहीर लिहायचे. महिन्याला साधारण पंधरा हजार डॉलरच्या घरात. एवढं निष्ठावान गिऱ्हाईक क्वचितच कुणाला मिळालं असेल, आणि तरीही झॅकला त्वचेचा कर्करोग झाला तेव्हा अमेरिकेतल्या दवाखान्याच्या बिलांनी त्यांचे डोळे उघडले. २०१९ मध्ये जाहीर केलं की नीट चित्रांची आवृत्ती स्टीमवर आणणार. ६ डिसेंबर २०२२ ला आली, ३० डॉलरला. आणि जानेवारी २०२३ च्या मासिक हिशेबात आकडा होता ७२ लाख डॉलरच्या वर.

एका महिन्यात. सोळा वर्षं ‘द्याल ते’ चाललं त्याच गेमचे, त्याच माणसांचे. फुकटची आवृत्ती आजही त्यांच्या साइटवर आहे बरं का, ती काही बंद केली नाही.

मला सारखं वाटतं, मधल्या काळात आम्ही चाहत्यांनी त्यांना कमी दिलं असं नाही. द्यायची आठवण करून देणारं काही नव्हतं. ३० डॉलर लिहिलेलं बटण असतं तर मी पहिल्याच वर्षी दिले असते.

चहाटळ
कोठीवाली, हा प्रतिसाद आवडला. माझं मत बदललं असं जाहीर करत नाही, पण आवडला.

गवंडी
उलट बाजूही नोंदवतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल. ती सोळा वर्षं फुकट नसती तर डिसेंबर २०२२ ला दारात उभं राहणारं कुणी नसतं. ‘डोकी डोकी लिटरेचर क्लब’ही तसाच. सप्टेंबर २०१७ ला ‘वाटेल ते’ म्हणून आला, १० डॉलर किंवा जास्त देणाऱ्याला संगीत आणि चित्रांचा वेगळा संच. काही महिन्यांत दहा लाखांवर डाउनलोड. २०२१ मध्ये त्याच गेमची ‘प्लस’ आवृत्ती ठरलेल्या किमतीला. आधी गाव गोळा केलं, मग दुकान मांडलं.

तेव्हा प्रश्न असा: आगारप्रमुख, तुझा दुसरा गेम येणार आहे का? येणार असेल तर पहिला फुकट देण्यात हशील आहे. हा एकच असेल तर नाही.

पाटीपेन्सिल
गवंडींशी अर्धवट सहमत. हे दोन गेम गाजले म्हणून आपल्याला माहीत आहेत. फुकट ठेवून कुणी ढुंकूनही न पाहिलेले इचवर ढिगाने असतील. यशस्वी झालेल्यांवरून पद्धत शिकायला जाऊ नये.

खातेवही
मी फक्त नळाचं बोलतो, पाण्याचं तुम्ही बघा.

धागाकर्त्याने ग्राहक कुठला धरलाय? मराठी स्टँडचा गेम म्हणजे अर्धे आपलेच लोक, बरोबर? आता आपल्या माणसाला चाळीस रुपये द्यायचेत. इचवर पैसे भरायचे तर कार्ड नाहीतर पेपॅल. पेपॅलने भारतातल्या भारतात पैसे देण्याघेण्याची सोय १ एप्रिल २०२१ पासून बंद केली, म्हणजे सांगलीतल्या माणसाला पेपॅलवरून पुण्यातल्या माणसाला पैसे देता येत नाहीत. राहिलं कार्ड. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने २०२० पासून नव्या कार्डावर परदेशी व्यवहार आपोआप बंद असतात, बँकेच्या अ‍ॅपमध्ये जाऊन चालू करावे लागतात. चालू केलेच तर वर बँकेचं परकीय चलनाचं शुल्क. चाळीस रुपयांसाठी हे सगळं कोण करेल? चहावाल्याला यूपीआयवर दहा रुपये दोन सेकंदांत जातात आणि इथे माणूस द्यायला तयार असूनही दारातच अडतो. तो मग खालच्या बारीक अक्षरातल्या ‘नको, थेट डाउनलोडकडे न्या’वर बोट ठेवतो. त्याला फुकट्या म्हणू नका.

पलीकडचा ग्राहक आला तरी गणित बघा. कार्डाचे पैसे वळते करणाऱ्या स्ट्राइप कंपनीचा अमेरिकेतला नेहमीचा दर २.९ टक्के अधिक ३० सेंट. एक डॉलर दिला तर ३३ सेंट तिथेच गेले. इचचा वाटा तू स्वतः ठरवतोस, शून्य ठेवलास तरी चालतो, पण आपोआप १० टक्के असतो. म्हणजे हाती ५७ सेंट. पाच डॉलर दिले तर हाती चारच्या आसपास. एकेक डॉलर देणाऱ्या पाच जणांपेक्षा पाच डॉलर देणारा एक माणूस तुला जास्त देऊन जातो. ‘थोडंथोडं का होईना, पुष्कळांनी द्यावं’ हे स्वप्न या नळातून येत नाही.

बुक्का
आमच्या गावात कुणी यूपीआयचा चौकोन छापून देवळात लावलाय, दानपेटीला आता गंज चढलाय. इचच्या पानावर तो चौकोन चिकटवता येत नाही का?

खातेवही
पानावर चित्र म्हणून चिकटवता येईल, पण मग पैसे आले ते कोणत्या डाउनलोडचे हे जुळवत बस. आणि आलेले पैसे उत्पन्नच असतात, भेट म्हणून खपवू नकोस. बाकी तुझ्या सीएला विचार.

रिकामी_ओळ
धागा शेवटपर्यंत वाचला. मी छोट्या गेमना संगीत देते, म्हणजे चित्रं काढणाऱ्या मैत्रिणीच्या खुर्चीतून बोलते.

तुमच्या उदारपणाचा खर्च तिच्यावर टाकू नका, एवढंच. ‘द्याल ते’ हा निर्णय गेमचा मालक घेतो आणि जोखीम टक्केवारीत काम करणाऱ्यांना वाटून जाते. एकदा माझ्या वाट्याला टक्केवारीतून आलेली रक्कम बँकेच्या संदेशापेक्षा लहान होती, त्यानंतर मी आधी ठरलेली रक्कम घेते, कितीही छोटी असो, आणि टक्केवारी त्याच्या वर. तिला आधी पैसे द्या. मग गेम फुकट वाटा, नाहीतर सोन्याच्या भावाने विका.

जून २०२० मध्ये इचने वांशिक न्यायासाठी बंडल काढलं होतं, किमान ५ डॉलरला १,७४१ गोष्टी. ८१ लाख डॉलर जमले आणि सगळे संस्थांना गेले. तिथे प्रत्येकाने आपला गेम समजून-उमजून दिला होता. संगीतकाराला विचारलं होतं का, हे मात्र ज्याचं त्याला माहीत.

दूरदेशी
रिकामी_ओळ, शेवटचं वाक्य लागलं. बंडल घेताना पट्ट्या सरकवत बसायचे, पण ‘गेम करणारे’ या पट्टीच्या पलीकडे कोण कोण आहे हा विचार कधी केला नव्हता.

चहाटळ
मग आगारप्रमुख, काय ठरलं? का तुमचीही फेरी रद्द?

आगारप्रमुख
फेरी सुटतेय, उशिराने. सगळ्यांचे आभार, इतकं कुणी लिहील असं वाटलं नव्हतं.

मैत्रिणीशी बोललो. तिला ठरलेली रक्कम माझ्या पगारातून आधीच देतोय, दोन हप्त्यांत. तिने टक्केवारी नको म्हटलं, मी ती तरीही लिहून ठेवलीय. ‘शून्य किंवा देणगी’ रद्द. ‘सशुल्क’मध्ये किमान ३ डॉलर ठेवतोय, तिथेही ज्याला जास्त द्यायचेत त्याला देता येतात, म्हणजे आजोबांची नोट मी स्वतःच ताटात ठेवली असं समजा. पहिला स्टँड वेगळी फाइल म्हणून फुकट. तो खेळून ज्याला पुढे जावंसं वाटेल तो घेईल. वर्षभराने, कुणाला अजून आठवण असेल तर, ‘गू’सारखा एक आठवडा ‘वाटेल ते’ करून बघू.

गवंडी, दुसरा गेम डोक्यात आहे. पण पहिल्याने माझे सगळे शनिवार-रविवार खाल्लेत, बघू.

भारतातल्या लोकांचं काय करायचं ते मात्र सुटलेलं नाही. ३ डॉलर म्हणजे अडीचशे रुपयांच्या वर जातात, आणि वर कार्डाची कटकट. स्टीमवर रुपयांत किंमत लावता येते आणि यूपीआयही चालतं, म्हणून तिथे लवकर जायला हवं असं दिसतंय. तोवर इथल्या कुणाला हवा असेल आणि भरता येत नसेल तर व्यनि (खासगी निरोप) करा, फुकट किल्ली देतो. आढेवेढे नकोत.

कोठीवाली
तीन कमी आहेत. पाच ठेव. उद्या सेल लावायला खाली जागा पाहिजे.

चहाटळ
मी व्यनि करणार नाही, विकत घेणार. कार्डाचं परदेशी बटण आत्ताच चालू केलं, बायकोने विचारलं कशासाठी, म्हटलं एसटीसाठी.

खातेवही
शेवटचं. प्रकाशित करायच्या आधी इचवरची कराची प्रश्नावली पूर्ण कर, डब्ल्यू-८बेनचा (अमेरिकेबाहेरच्यांनी भरायच्या तिथल्या करफॉर्मचा) भाग तिथेच भरून होतो. पॅन हाताशी ठेव. भारत-अमेरिका करविषयक करार तिथे निवडला नाहीस तर अमेरिकेतल्या विक्रीवर जास्त कर कापला जाईल. आणि पेपॅलवरचं नाव बँकेतल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळतंय का बघ.

आगारप्रमुख
पासबुकात वडिलांचं नाव मध्ये आहे, पेपॅलवर नाही. सोमवारी अर्धा दिवस रजा टाकतो.